अनाम ओढीचा पत्रव्यवहार

मार्गशीर्ष आणि माघातल्या पौर्णिमांना कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्या माणसांना रेणुकेची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. जमदग्नी ऋषींची ही पत्नी रोज नदीवर जायची, ओल्या वाळूचा घडा घडवायची आणि सापाची चुंबळ करून त्या घड्यातून पाणी आणायची. वाळू फुटत नसे, कारण तिचं मन नवऱ्यापाशी होतं. एके दिवशी नदीत गंधर्वराज चित्ररथ आपल्या स्त्रियांबरोबर जलक्रीडा करताना तिला दिसला आणि ती क्षणभर पाहत राहिली. त्या दिवशी घडा काही जमेना. ती रिकाम्या हातांनी आश्रमात परतली. जमदग्नींनी काय ते ओळखलं, आणि परशुरामाने बापाच्या आज्ञेवरून आईचं मस्तक उडवलं. महाभारताच्या वनपर्वात ही कथा येते तेव्हा वाळूचा घडा नसतो, पण चित्ररथ असतो आणि तो क्षणही असतो. पुढे परशुरामाने वर मागून आईला जिवंत करून घेतलं आणि आज ती दोन राज्यांची देवी आहे. तरीही खटल्याचा निकाल लक्षात राहतोच. बोलणं झालं नाही, स्पर्श झाला नाही, नाव विचारलं गेलं नाही. फक्त मन क्षणभर घराबाहेर गेलं, आणि शिक्षा झाली देहान्ताची.

यल्लम्माच्या या डोंगरापासून धारवाड सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. १९७०-८०च्या दशकांत त्या गावी एका अविवाहित लेखकाच्या पत्त्यावर मुंबई-पुण्याहून एका विवाहित स्त्रीची पत्रं येत असत. लेखक होते जी. ए. कुलकर्णी आणि पत्रं लिहीत होत्या सुनीता देशपांडे. दोन्हीकडची पत्रं पुढे मौज प्रकाशनाने छापली. जी.एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे, तर सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी.ए.’ या नावाने २००३ साली आली. ज्या बाईचं मन घराबाहेर कुणाशी तरी बोलत होतं, तिने ते आपल्या हयातीत, आपल्या नावाने, सर्वांनी वाचावं म्हणून छापू दिलं. रेणुकेपासून इथवरची वाट बरीच लांब आहे. ती कशी कापली गेली, हे या लेखात पाहायचं आहे.

मी बंगळुरूला राहते आणि इंग्रजी-कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. मध्यंतरी वैवाहिक समुपदेशनावरचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे आलं. त्यात पानोपानी ‘इमोशनल अफेअर’ हा शब्द होता. या शहरातल्या समुपदेशकांच्या तोंडी तो सर्रास असतो. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावरही ऐकू येतो. मराठीत काय लिहायचं? ‘भावनिक व्यभिचार’ लिहिलं की लगेच परशुरामाची कुऱ्हाड दिसते. ‘लफडं’, ‘भानगड’, ‘प्रकरण’, ‘संबंध’ या सगळ्या शब्दांना चौकशीचा वास आहे. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे ओढ, लोभ, स्नेह, मैत्र, जिव्हाळा असे सुंदर शब्द आहेत, पण ते आजीपासून मांजरापर्यंत कुणालाही लागतात. मधली जागा रिकामी आहे. ज्या गोष्टीला भाषेत नाव नसतं, ती त्या समाजात घडत नसते असं नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली घडत असते. म्हणून इतिहास शोधायचा तर आधी ती दुसरी नावं शोधावी लागतात.

त्यातलं सर्वांत सोयीचं नाव म्हणजे भाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्या-मुंबईच्या सुधारक घरांतल्या बायका वाचू-लिहू लागल्या आणि त्यांना पहिल्यांदाच नवऱ्याच्या मित्रांशी पुस्तकांबद्दल बोलता येऊ लागलं. काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचं उदाहरण ठळक आहे. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. शिकलेल्या नवऱ्याला, गोविंदरावांना, आपण आवडावं म्हणून त्या धडपडत वाचायला शिकल्या आणि पुढे मराठीतल्या आद्य कादंबरीकार स्त्रियांपैकी एक झाल्या. ‘करमणूक’कार हरिभाऊ आपटे वयाने त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांच्याशी काशीबाईंचा दीर्घ वाङ्मयीन स्नेह होता. सरोजिनी वैद्यांनी काशीबाईंचं आत्मचरित्र आणि चरित्र एकत्र सिद्ध केलं, त्यामुळे हा स्नेह आज आपल्याला ठाऊक आहे. या स्नेहाकडे पाहताना त्या काळाची चौकट ध्यानात ठेवावी लागते. परपुरुष घरात यायचा तो नवऱ्याच्या ओळखीने, बसायचा ओसरीवर किंवा दिवाणखान्यात, आणि त्याला नात्याचं एखादं नाव चिकटवलं जायचं. ‘मानलेला भाऊ’ ही मराठी समाजाने लावलेली मोठी युक्ती आहे. तिने कित्येक बायकांना बोलायला माणूस मिळवून दिला. पण तिची किंमतही होती: जे वाटत होतं ते भावाबद्दल वाटावं तेवढंच आहे, असं सतत दाखवत राहावं लागायचं.

पुरुषाला अशा युक्तीची गरज कमी होती. विवाहित पुरुषाचं मन दुसरीकडे गेलं तर कायद्याने त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, दुसऱ्या लग्नाचं. पहिली बायको बहुधा अशिक्षित, लहानपणी गळ्यात पडलेली. दुसरी कॉलेजात शिकलेली, ‘मनाजोगती’. १९३०च्या दशकातल्या मराठी कथा-नाटकांत हा पेच वारंवार येतो. अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’त (१९३६) रश्मी नावाच्या नटीभोवती घोटाळणारे विवाहित पुरुष पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. नवऱ्याचं मन बाहेर जाणं हा विनोदाचा विषय होता. शेवटी तो घरी येतो, बायको त्याला घरात घेते आणि पडदा पडतो. त्याच सुमारास विभावरी शिरूरकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आणि ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) लिहिलं. ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्यापासून दुरावलेली विवाहित स्त्री दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते. त्यावर कुणी हसलं नाही. गदारोळ झाला, लेखिका कोण याचा शोध सुरू झाला आणि मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाआड का राहावं लागलं, हे सगळ्यांना कळलं. एकाच दशकात, एकाच शहरांतल्या वाचक-प्रेक्षकांसमोर, एकाच भावनेचे हे दोन निकाल.

१९४६ साली मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्याविवाहाला बंदी करणारा कायदा केला. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने हीच बंदी देशभर नेली. बायकांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. पण त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. मन बाहेर गेलं तर आता नवऱ्यालाही दुसरं दार उरलं नाही. दोघंही एकाच घरात, एकाच लग्नात, आणि मनाचं काय करायचं हा प्रश्न पहिल्यांदा दोघांसाठी सारखा झाला.

योगायोग असा, की सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्नही १९४६चंच. १२ जून रोजी, रत्नागिरीला, नोंदणी पद्धतीने. सुनीताबाई त्या वेळी वीस वर्षांच्याही नव्हत्या, पण बेचाळीसच्या चळवळीत उतरून आल्या होत्या. लग्नाच्या बंधनाची त्यांना स्वतःला फारशी गरज वाटत नव्हती, हे त्यांनी पुढे ‘आहे मनोहर तरी’त (१९९०) लिहिलं. त्या लग्नाचा हिशेब मराठी वाचकांना पाठ आहे. पु.ल. महाराष्ट्राचं लाडकं व्यक्तिमत्त्व झाले आणि त्यांच्या लेखनाची, हक्कांची, वेळेची, पैशांची, पाहुण्यांची शिस्त सुनीताबाईंनी सांभाळली. नाटकांत त्या होत्या, चित्रपटात होत्या, बोरकर-मर्ढेकरांच्या कवितांच्या जाहीर वाचनात पु.लं.च्या शेजारी होत्या. ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा वादळ उठलं, कारण ज्याच्यावर साऱ्या घरांनी प्रेम केलं त्याच्या घरात त्याच्या बायकोला काय मिळालं नाही, याची नोंद त्यात होती. मात्र त्या पुस्तकात लग्न मोडण्याची भाषा नाही. हे लग्न चौपन्न वर्षं टिकलं. पु.ल. गेले तो दिवसही १२ जूनच होता, साल २०००.

आता धारवाडकडे. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याला जन्मले आणि धारवाडच्या कॉलेजात जवळपास तीस वर्षं इंग्रजी शिकवत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. गाव तेच, घर तेच, पण ज्या भाषेत ते कथा लिहीत होते तिचे बहुतेक वाचक आता सीमेपलीकडे होते. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’ हे सगळे संग्रह मुंबईत छापले जात आणि लेखक सभा-संमेलनांपासून लांब, काळा चष्मा लावून, कन्नड बोलणाऱ्या गावात राहत असे. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला तेव्हा त्यांनी तो परत करून टाकला. ते अविवाहित होते. घरात मावसबहिणी होत्या. मराठी साहित्यविश्वाशी त्यांचा खरा संबंध टपालाने होता. म. द. हातकणंगलेकर, श्री. पु. भागवत, जयवंत दळवी अशा अनेकांना त्यांनी लिहिलं. जी.एं.च्या बाबतीत पत्र हेच भेटण्याचं ठिकाण होतं, हे एकदा लक्षात घेतलं की सुनीताबाईंशी झालेला पत्रव्यवहार वेगळा दिसू लागतो. त्या दोघांनी चोरवाट काढली नव्हती. ज्या एकमेव वाटेने त्यांच्यापर्यंत कुणीही पोचत असे, त्याच वाटेने त्याही पोचल्या.

पण पोचल्यावर जे झालं ते बाकीच्या पत्रव्यवहारांसारखं नव्हतं. पुस्तकं, चित्रं, कविता, आजारपणं, बालपणाच्या आठवणी, माणसांबद्दलची निराशा असं सगळं दोन्हीकडून भरभरून येतं. दोन अत्यंत राखून राहणारी माणसं. एक जगापासून लांब राहणारा, दुसरी जगाला नवऱ्यापासून लांब ठेवणारी. ही दोघं कागदावर मात्र हात आखडत नाहीत. याला प्रेम म्हणायचं की मैत्री, हे ठरवणं माझं काम नाही, आणि छापील पानांच्या पलीकडे जाऊन ते ठरवू नये असं मला वाटतं. ओढ मात्र पानावर आहे. आपल्याला समजून घेणारं माणूस सापडल्याचा आनंद आहे, उत्तराची वाट पाहणं आहे, उशीर झाला की रुसणंही आहे. लग्नात राहणाऱ्या एखाद्या बाईने हे सगळं ‘मानलेला भाऊ’ न म्हणता लिहावं, हे काशीबाईंच्या काळात शक्य नव्हतं.

हे कशामुळे शक्य झालं? माझं उत्तर असं, की पत्राच्या मराठी रीतीने त्याला आकार दिला. मराठी पत्र हा शिष्टाचाराचा सांगाडा असतो. वर तारीख, गाव, मग ‘प्रिय’, आणि खाली ‘लोभ आहेच, तो वाढावा’. धर्मग्रंथांत लोभ हा षड्रिपूंपैकी एक. पत्राच्या शेवटी मात्र तोच लोभ सोज्वळ होतो आणि कुणीही कुणाकडे मागू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘तुम्ही’. मराठीत दोन माणसं जवळ आली की कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं, आणि ते कोणत्या दिवशी झालं हे दोघांनाही आठवतं. ‘तुम्ही’ न सोडता जवळ येणं अवघड असतं, पण त्यामुळेच जवळीक उंबरठ्यावर थांबू शकते आणि तरी खोटी ठरत नाही. इंग्रजीत हे पत्र नेताना अनुवादक हतबल होतो, कारण तिथे एकच ‘यू’. कन्नडमध्ये ‘नीवु’ आहे, म्हणून तिथे ते पत्र जिवंत राहतं. मराठीत ‘सलगी’ आहे आणि कन्नडमध्ये ‘सलिगे’. एकाच शब्दाची ही दोन रूपं धारवाडसारख्या गावात एकाच ओसरीवर ऐकू येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर आणि वेळ. १९७०च्या दशकात मुंबईहून धारवाडला जायचं तर मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आणि पुढे मीटरगेज, म्हणजे मिरजेला गाडी बदलणं आलंच. टपालही त्याच वाटेने जायचं. आज लिहिलेल्या वाक्याचं उत्तर आठवड्याने यायचं. रागाच्या भरात लिहिलेलं पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचलं जायचं. त्या दिवसांत मन थांबायला शिकतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे घराला माहीत असणं. पत्रं घराच्या पत्त्यावर येत होती, घराच्या पत्त्यावरून जात होती. सुनीताबाई ज्यांना ‘भाई’ म्हणत ते पु.ल. आणि जी.ए. एकमेकांचे वाचक होते. लपवण्यासाठी वेगळी पेटी, वेगळा पत्ता, वेगळं नाव असं काही उभारावं लागलं नाही.

तुलनेसाठी मला नेहमी मारिना त्स्वेतायेवा आणि बोरिस पास्तरनाक आठवतात. दोघेही विवाहित, ती देशाबाहेर, तो मॉस्कोत. १९२२पासून पुढे चौदा-एक वर्षं त्यांची पत्रं चालली. त्या पत्रांत आग आहे, संसार सोडून येण्याची स्वप्नं आहेत, दर दोन पानांनी आकाश कोसळतं. १९३५ साली पॅरिसच्या लेखक परिषदेच्या निमित्ताने ते भेटले आणि त्या भेटीत काहीच झालं नाही, अशी तिची भावना झाली. रशियन पत्रांना भेटीची इतकी घाई होती, की भेट हीच त्यांची परीक्षा ठरली. मराठी पत्रांना ती घाई नव्हती. ती स्वतःच भेट होती.

इतकं असूनही, या दोन पुस्तकांचा विषय काढला की आजही पहिला प्रश्न येतो तो ‘म्हणजे, होतं का काही?’ असा. हा प्रश्न वाचकाचा वाटतो, पण त्याची घडण कायद्याने केलेली आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९७ सांगत होतं, की दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय शरीरसंबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. बायको गुन्हेगार नाही, पण तक्रारदारही नाही. ती जणू ज्याची चोरी झाली ती वस्तू. २७ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने जोसेफ शाइन खटल्यात हे कलम रद्द केलं, तोवर एकशे अठ्ठावन्न वर्षं ते उभं होतं. इतकी वर्षं ज्या समाजाचा कायदा फक्त शरीर मोजतो, त्या समाजाला ‘काही’ म्हणजे शरीरच वाटलं तर नवल नाही. बाईचं मन कुणाचं, हा प्रश्न कायद्याने कधी विचारलाच नाही. पुराणाने विचारला होता, आणि उत्तर दिलं होतं नवऱ्याचं.

मनाचा प्रश्न न्यायालयासमोर अगदी आला नाही असंही नाही. २०१३ साली गुजरातमधल्या पिनाकिन रावल खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर एका पुरुषाची सहकारी स्त्रीशी असलेली जवळीक होती आणि त्याच्या पत्नीचा दुर्दैवी मृत्यू होता. पत्नीने आत्महत्या केली होती. न्यायालयाने म्हटलं, की लग्न चालू असताना दुसऱ्या व्यक्तीशी जवळीक निर्माण होणं एवढ्यानेच फौजदारी अर्थाने क्रूरता सिद्ध होत नाही. कायदा म्हणून हे मला पटतं. मनाच्या कलासाठी तुरुंग असू नये. पण त्या निकालामागे एक बाई आहे जी जगू शकली नाही, हे विसरून जिव्हाळ्याची गाणी गाणं मला जमत नाही. घराबाहेर गेलेल्या मनाची किंमत कधीकधी घरात राहिलेलं माणूस भरतं. सुनीताबाईंच्या पत्रांचं कौतुक करताना हा भाग झाकून ठेवू नये. जे बोलणं घरात व्हायचं राहिलं, ते टपालाने बाहेर गेलं, असा त्या दोन पुस्तकांचा ‘आहे मनोहर तरी’शी मेळ लावणारे वाचक आहेत, आणि त्यांना अगदी चूक म्हणता येत नाही.

मात्र त्या वाचनात एक गृहीत दडलेलं असतं: की घर पुरेसं असतं तर मन बाहेर गेलंच नसतं. गौरी देशपांडेंनी या गृहीताला सर्वांत आधी हात घातला. त्याच ‘आहे मनोहर तरी’च्या इंग्रजी अनुवादक. १९९५ साली आलेल्या अनुवादाला त्यांनी शेलीच्या कवितेतून ‘अँड पाइन फॉर व्हॉट इज नॉट’ असं नाव दिलं. मराठी शीर्षकात सुंदर गोष्टीतही उदास वाटणं सूचित होतं. इंग्रजीत ते जे नाही त्यासाठी झुरणं झालं. अनुवादक म्हणून मला हा बदल धाडसी वाटतो, कारण गौरीबाईंनी उदासीला दिशा दिली. त्यांच्या स्वतःच्या ‘तेरुओ’ या लघुकादंबरीत (१९८५) जपानमध्ये राहणारी विवाहित भारतीय बाई एका जपानी पुरुषाकडे ओढली जाते. नवरा दुष्ट नसतो, घर रिकामं नसतं, तरी ती ओढली जाते. ओढ ही कमतरतेची भरपाई नसते, माणूस नवऱ्या-बायकोच्या नात्याहून मोठं असतं म्हणून ती उद्भवते, असं मराठीत सांगायला १९८५ साल उजाडलं.

माझ्यापुरता हा प्रश्न निव्वळ ग्रंथालयातला नाही. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. गेली सात वर्षं एका कन्नड अनुवादकाशी माझा पत्रव्यवहार आहे. ई-मेलने, पण पत्रासारखा लांब. सुरुवात ‘सलगी’ आणि ‘सलिगे’वरूनच झाली. त्यांचं पत्र आलं की माझा दिवस बरा जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नवऱ्याला त्यातले परिच्छेद मी मोठ्याने वाचून दाखवते. तो भाजी चिरता चिरता ऐकतो. एकदा असा परिच्छेद आला, की तो वगळून पुढे जावंसं वाटलं. मी तो वाचला. नवरा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “त्यांना एकदा जेवायला बोलाव ना घरी.” त्या वाक्यात थोडी भीती होती, थोडं औदार्य होतं आणि थोडी पाहणी होती. ते जेवायला आले. पत्रं अजून चालू आहेत, ‘नीवु’ आणि ‘तुम्ही’तच. यातून मला एवढंच समजलं, की ओढ असणं-नसणं आपल्या हातात नसतं, पण तिला खोली कुठली द्यायची हे असतं.

आजच्या फोनने हेच अवघड केलं आहे. मिरजेला गाडी बदलावी लागत नाही. उत्तर तीन सेकंदांत येतं, रात्री एक वाजताही येतं, आणि वाचून झाल्यावर पुसताही येतं. पत्र छापता येतं ते कुणीतरी जपलेलं असतं म्हणून. पुसलेल्या संदेशांचं ‘प्रिय जी.ए.’ कधी होणार नाही. इतिहासकाराचं नुकसान सोडा. लिहिणाऱ्यालाच उद्या कळणार नाही, की आपण नेमकं काय म्हणालो होतो आणि केवढं म्हणालो होतो. जी.ए. उपचारांसाठी पुण्याला आले आणि ११ डिसेंबर १९८७ला गेले. सुनीताबाई त्यांच्यानंतर बावीस वर्षं जगल्या, ७ नोव्हेंबर २००९पर्यंत. त्या बावीस वर्षांत पत्रं जपली गेली, वाचली गेली, छापली गेली. आपल्या मनाची अशी जबाबदारी घेणं मला त्या पत्रांतल्या कुठल्याही वाक्याइतकंच मोलाचं वाटतं.

समुपदेशनाच्या पुस्तकात शेवटी मी एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन शब्द वापरले. मूळ लेखकाने जिथे लपवणं, खोटं बोलणं, घरच्या माणसाला अंधारात ठेवणं वर्णन केलं होतं, तिथे ‘चोरटा जिव्हाळा’. जिथे फक्त मन ओढलं गेल्याची गोष्ट होती, तिथे नुसता ‘जिव्हाळा’. संपादकांनी विचारलं, की मुळात एकच शब्द असताना भेद कशाला? मी त्यांना शब्दाकडे पाहायला सांगितलं. विहिरीच्या तळाशी जिवंत झरा असतो तो जिव्हाळा, आणि नखाखालचं हुळहुळं मांस ती जिव्हाळी. एकातून पाणी येतं, दुसरीला धक्का लागला की कळ मस्तकात जाते. शब्दाला दोन्ही ठाऊक आहेत, तेव्हा वाचकालाही ती कळतील. त्यांनी भेद राहू दिला.